भिंतीची सावली आणि पडद्यावरचा सूर्य

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांपुढे केलेले भाषण)



‘स्वयंशोधनाने शिक्षण आणि वर्गातील नवी साधने’ या विषयावर मी आपल्यापुढे काही विचार मांडावेत, अशी केंद्रप्रमुखांची इच्छा दिसली. मी या विषयातील तज्ज्ञ नव्हे. आपल्यासारखाच सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान व भूगोल शिकविणारा एक खेड्यातील शिक्षक आहे. त्यामुळे विद्वत्तेचे काही सांगण्याऐवजी माझ्या हातून घडलेली एक चूक, ती कशी ध्यानात आली आणि तिच्यामुळे पुढे काय काय शिकावयास मिळाले, एवढेच मी आज सांगणार आहे. आपल्यापैकी अनेकांना असा अनुभव आला असेल. आला नसेल, तर माझ्या चुकीचा आपल्याला फुकट उपयोग होईल.

अध्यापक विद्यालयात असताना आपण सर्वांनी स्वयंशोधन पद्धतीची व्याख्या पाठ केलेली आहे. विद्यार्थ्याला शोधकाच्या भूमिकेत ठेवून त्याच्याकडूनच ज्ञान काढून घेणे म्हणजे स्वयंशोधन, असे काहीसे आपण उत्तरपत्रिकेत लिहिले आणि गुणही मिळविले. स्वतः शोधून काही न शिकता स्वयंशोधनाची व्याख्या तेवढी पाठ केली, यातील विसंगती त्या वेळी आपल्या ध्यानात आली नाही. पुढे शाळेत रुजू झालो, तेव्हा हातात खडू, फळा आणि पाठ्यपुस्तक होते. त्यानंतर गावकऱ्यांच्या वर्गणीतून अनेक शाळांत पडदा आला, प्रोजेक्टर आला, कोठे संगणक आला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आले आणि २०१७ पासून ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील पाठ मोबाइलवर पाहता येऊ लागले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, त्या काळात तर मोबाइल हीच अनेक मुलांची शाळा होती. या साधनांचा मी विरोधक नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. माझे म्हणणे फक्त त्यांच्या जागेविषयी आहे. साधनाने प्रश्नाच्या मागून यावे की पुढून, एवढाच माझा विचाराचा मुद्दा आहे.

आता माझी चूक सांगतो.

डिसेंबरचे दिवस होते. सातवीच्या वर्गात सूर्य आणि सावली यांविषयी बोलत होतो. शाळेला नुकताच मोठा पडदा मिळालेला होता आणि त्याचा उत्साह माझ्याही अंगात होता. मी एक सुंदर चित्रफीत लावली. तीत एक मुलगा मैदानात उभा असतो. सकाळी त्याची सावली लांब पडते, सूर्य जसजसा वर चढतो तसतशी ती आखडते आणि घड्याळात बाराचे ठोके पडताच सूर्य त्याच्या डोक्यावर येऊन सावली पायाशी नाहीशी होते. मुले तल्लीन होऊन पाहत होती. तास छान झाला, असे मला वाटले.

चित्रफीत संपल्यावर मागच्या रांगेतील एक मुलगी उठली. एरवी फारशी न बोलणारी. ती म्हणाली, “गुरुजी, दुपारी सावली नाहीशी होते, तर मग आम्ही खिचडी खायला भिंतीच्या सावलीत बसतो ती सावली कुठून येते?”

वर्ग हसला. मीही किंचित हसलो असेन. आणि मी म्हणालो, “अगं, आताच पाहिलंस ना पडद्यावर? त्यात दाखवलं तेच बरोबर. बस खाली.”

ती बसली. त्यानंतर दोन दिवस ती वर्गात एक शब्दही बोलली नाही. याचे मला त्या वेळी काही वाटले नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तिसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या वेळी मी ओसरीवर उभा होतो. शाळेच्या इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीला लागून मुलांच्या दोन पंगती बसलेल्या होत्या आणि सर्वच्या सर्व मुले सावलीत होती. दहा फूट उंचीची ती भिंत, आणि तिची सावली माझ्या अंदाजाने आठ-नऊ फुटांपर्यंत पसरलेली. गेली अनेक वर्षे हिवाळ्यात त्या सावलीत मुले जेवत आली, मी त्यांच्यातून वाढपाची देखरेख करीत फिरलो, आणि तरीही सूर्य दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो, असे वर्षानुवर्षे शिकवीत राहिलो. मुलीने जे डोळ्यांनी पाहिले होते ते मी पाहिले नव्हते, आणि जे तिने पाहिले ते खोटे आहे, असे मी तिला पडद्याच्या साक्षीने सांगितले होते.

बंधुभगिनींनो, ही चूक केवळ भूगोलाची असती, तर ती सुधारणे सोपे होते. परंतु त्या दिवशी मी त्या मुलीला आणखी एक गोष्ट शिकविली होती. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, आणि शंका आली तरी ती बोलून दाखवू नये, हा धडा मी तिला दिला होता. पूर्वी आपण ‘पुस्तकात लिहिले आहे’ असे म्हणून मुलांना गप्प करीत असू. आता ‘पडद्यावर दाखविले आहे’ असे म्हणतो. पडदा पुस्तकाहून रंगीत आणि हालता-बोलता असल्यामुळे त्याच्यापुढे मुलाला गप्प बसविणे अधिकच सोपे झाले आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही, की सर्वांसमक्ष त्या मुलीला उभे न करता मी स्वतः उभा राहिलो आणि म्हणालो, “परवा हिने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि मी दिलेले उत्तर चूक होते. खरे उत्तर मला अजून नीट सांगता येणार नाही. आपण ते मिळून शोधू.” शिक्षकाने असे म्हटल्याने वर्गातील त्याचा मान कमी होतो, अशी माझी समजूत होती. तसे काही झाले नाही. उलट त्या तासाला मी पहिल्यांदाच पाहिले, की मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकून बसली आहेत.

आम्ही मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवली. पहिल्या दिवसाच्या नोंदी सर्व बिघडल्या. एकाच वेळी दोन मुलांनी मोजलेली लांबी जुळेना. कारण शोधता शोधता कळले की काठी किंचित कललेली आहे आणि जमीनही सपाट नाही. एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. त्याने दुसऱ्या दिवशी घरून ओळंबा आणि पाणसळ आणली. ओळंब्याने काठी उभी केली, पाणसळीने जमीन सारखी केली. हा मुलगा लेखनात मागे पडणारा होता. त्या दिवशी सारा वर्ग त्याच्या सूचनेप्रमाणे चालत होता. सूर्याकडे कोणीही थेट पाहावयाचे नाही, फक्त सावलीकडे पाहावयाचे, हा नियम मात्र मी पहिल्याच क्षणी घालून दिला आणि तो कडकपणे पाळला. आपणही तो पाळावा.

मोजण्यापूर्वी मी प्रत्येकाला वहीत अंदाज लिहावयास सांगितला. बहुतेकांनी लिहिले की बारा वाजता सावली सर्वांत लहान होईल, काहींनी तिची लांबी शून्य लिहिली. १५ डिसेंबर रोजी अकरा वाजल्यापासून आम्ही मोजू लागलो. अकरा वाजता सावली १०७ सेंटिमीटर होती, साडेअकरा वाजता ९७, बारा वाजता ९१. मुले म्हणाली, “झालं, आता वाढू लागेल.” पण ती वाढली नाही. साडेबाराच्या सुमारास ती ८९ सेंटिमीटर झाली आणि मग हळूहळू वाढत एक वाजता ९२ झाली. म्हणजे एक मीटर काठीची भर दुपारची सावली जवळजवळ काठीएवढीच लांब, आणि तीही बारा वाजता सर्वांत लहान नव्हे, तर त्यानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी.

आता एका प्रश्नाच्या जागी दोन प्रश्न उभे राहिले. सावली शून्य का होत नाही, आणि सर्वांत लहान सावली बारा वाजता का पडत नाही? एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, शाळेचं घड्याळ पुढं असेल.” हा चांगला तर्क होता, कारण तो पडताळून पाहता येत होता. येथे मी खिशातून मोबाइल काढला. त्यावरील वेळ आणि भिंतीवरील घड्याळाची वेळ जुळली. घड्याळ निर्दोष ठरले. मग मुलांनी मोबाइलवरील नकाशात आमच्या गावाचे स्थान पाहिले. अक्षांश सुमारे साडेअठरा, रेखांश सुमारे साडेचौऱ्याहत्तर. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे, ही गोष्ट मुले शोधून काढू शकत नाहीत. तो माणसांनी ठरविलेला संकेत आहे, म्हणून तो मी सरळ सांगितला. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते, हे त्यांना ठाऊक होते. आठ अंशांचे अंतर म्हणजे बत्तीस मिनिटे, हा हिशेब त्यांनीच केला. आमच्याकडे सूर्य माथ्याकडे येतो तेव्हा घड्याळात साडेबारा होऊन जातात, हे त्यांना उमगले तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो शेजारच्या वर्गातील बाईंनी येऊन थांबविला.

परंतु आमच्या नोंदींप्रमाणे सर्वांत लहान सावली बारा वाजून बत्तीस मिनिटांच्या चार-पाच मिनिटे आधीच पडत असावी, असे दिसत होते. एकीने तेही विचारले. मला उत्तर येत नव्हते. “मी उद्या सांगतो,” असे म्हणून त्या रात्री मी मोबाइलवर वाचले. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्याचा माध्यान्ह वर्षभर घड्याळाशी सारखा जुळत नाही. तो नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे सोळा मिनिटे आधी आणि फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे चौदा मिनिटे उशिरा होतो. डिसेंबरच्या मध्यास ही तफावत पाच मिनिटांची असते. इतकी वर्षे भूगोल शिकवून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. सातवीतील मुलांच्या एका काठीने ती मला वाचावयास लावली.

याच दिवशी नागपूरजवळील एका शाळेतील माझ्या मित्राने त्याच्या विद्यार्थ्यांकडून तेवढ्याच उंचीच्या काठीची सावली मोजविली होती. व्हॉट्सॲपवर त्यांच्या वहीचे छायाचित्र आले. त्यांची सर्वांत लहान सावली ९८ सेंटिमीटर होती आणि ती बारानंतर दहा मिनिटांच्या आतबाहेर पडली होती. त्यांची सावली आमच्याहून लांब, आणि त्यांची दुपार आमच्याहून लवकर! मुलांनी आलेखाच्या कागदावर काठी आणि सावली यांचे त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजले. आमचा कोन सुमारे बेचाळीस अंश आला, त्यांचा साडेचव्वेचाळीस. अंतर अडीच अंश. दोन गावांतील दक्षिणोत्तर अंतर नकाशाच्या प्रमाणावरून सुमारे २९५ किलोमीटर आले. अडीच अंशांना २९५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडून मुलांनी पृथ्वीचा परीघ काढला, तो सुमारे ४२ हजार ५०० किलोमीटर आला.

खरा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर आहे, हे कळल्यावर मुले प्रथम हिरमुसली. मी त्यांना विचारले, “जास्तीचे अडीच हजार किलोमीटर आले कोठून?” मग त्यांनी पुन्हा हिशेब केला. कोनातील अंतर अडीचऐवजी तीन अंश धरले असते, तर परीघ ३५ हजार ४०० किलोमीटर आला असता. कोनमापकावरील अर्ध्या अंशाने पृथ्वी सात हजार किलोमीटरांनी लहानमोठी होते, हे पाहून ती चकित झाली. मोजमापातील अचूकपणा म्हणजे काय, हे मी अनेक वर्षे तोंडाने सांगत आलो होतो. ते त्यांना त्या दिवशी समजले. मग मी त्यांना सांगितले की इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनीस नावाच्या विद्वानाने हेच केले होते. ज्या दिवशी सायनी येथे, म्हणजे आजच्या आस्वानजवळ, सूर्य माथ्यावर येतो, त्या दिवशी त्याने अलेक्झांड्रिया येथे सावलीचा कोन मोजला. तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका आला आणि त्यावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. ही गोष्ट मी आधी सांगितली असती, तर ती मुलांनी एक माहिती म्हणून ऐकली असती. आता त्यांनी ती आपल्यासारखेच काम केलेल्या माणसाची हकीकत म्हणून ऐकली.

या सर्व कामात मोबाइल चार वेळा वापरला गेला. घड्याळ पडताळण्यास, गावाचे स्थान पाहण्यास, मला न येणारी गोष्ट वाचण्यास आणि दूरच्या शाळेशी बोलण्यास. चारही वेळा मुलांचा प्रश्न आधी तयार होता आणि साधन त्याच्या मागून आले. चित्रफितीच्या दिवशी मात्र साधन आधी आले होते, प्रश्न कोणालाच पडलेला नव्हता, आणि जिला तो पडला तिला मी खाली बसविले होते. माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म एवढेच आहे. आधी मुलाला प्रश्न पडावा, मग त्याने अंदाज करावा, मग त्याने स्वतः पाहावे, आणि त्यानंतर यंत्राचा आधार घ्यावा. हा क्रम उलटला की तेच यंत्र मुलाची जिज्ञासा मालवून टाकते.

हा मार्ग काही माझा शोध नव्हे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद आणि आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, १९७२ साली सोळा खेड्यांतील माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिक्षणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी तो आरंभिला, दिल्ली विद्यापीठ व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील वैज्ञानिकांनी त्यास हातभार लावला, १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व अशा शाळांत पोचला आणि १९८२ नंतर ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली. तेथील ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे कमी आणि प्रयोग व प्रश्न अधिक होते. मुलांना पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देता येई आणि प्रयोगांचीही परीक्षा असे. शिक्षक दरमहा एकत्र जमून आपल्या अडचणी मांडीत. मुले आपल्या शंका ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने कळवीत आणि त्यांना उत्तरे जात. २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने हा उपक्रम बंद झाला. परंतु तीस वर्षे खेड्यापाड्यांतील सामान्य शिक्षकांनी तो चालवून दाखविला, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. त्या काळी त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता, पडदा नव्हता. भिंग, परीक्षानळी, आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्यांचे विज्ञान चाले.

यावरून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. शिकविण्याची रीत बदलावयाची असेल, तर तपासण्याची रीतही बदलावी लागते. मुलाने सहा दिवस सावली मोजावी आणि परीक्षेत मात्र सावलीची व्याख्या लिहावी, असे असेल तर मूल लवकरच शहाणे होते आणि मोजणे सोडून देते. आपल्याकडे २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प यांना जागा देण्यात आली. ती जागा आपण कित्येकदा वर्षअखेरीस बसून कागदोपत्री भरतो. ती वर्गात भरावी. दुसरी गोष्ट अशी, की शिक्षक एकटा असेल तर असे काम फार दिवस टिकत नाही. ही शिक्षण परिषद त्यासाठीच आहे.

आता आपल्या मनातील आक्षेपांकडे वळतो, कारण ते माझ्याही मनात होते.

पहिला आक्षेप वेळेचा. या सावलीच्या कामाला मला सुमारे आठ तासिका लागल्या आणि एक पाठ मागे पडला. परंतु त्या आठ तासिकांत भूगोलातील अक्षांश-रेखांश व प्रमाणवेळ, गणितातील कोन, प्रमाण व त्रैराशिक आणि विज्ञानातील मापन एवढे होऊन गेले. सर्वच पाठ असे शिकविता येणार नाहीत आणि शिकवूही नयेत. सत्रातून असे एक-दोन शोध मनापासून झाले, तरी मुलांची दृष्टी बदलते आणि एरवीच्या तासांतही ती प्रश्न विचारू लागतात.

दुसरा आक्षेप साधनांचा. कोठे वीज जाते, कोठे रेंज मिळत नाही, कोठे पडदा बिघडून कपाटात पडला आहे. त्यासाठी मी एवढेच म्हणेन, की काठी, ओळंबा, दोरी, फूटपट्टी यांना वीज लागत नाही. शिक्षकाचा एक मोबाइल वर्गाला पुरतो. प्रत्येक मुलाच्या हाती मोबाइल असणे तर अशा कामात अडचणीचेच ठरते, कारण मग सर्व मुले सावलीकडे न पाहता आपापल्या हातातच पाहू लागतात.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही शिक्षकबंधू म्हणतात, की मुलांनाच सर्व शोधू द्यावयाचे, तर शिक्षकाने काय करावयाचे? मला अनुभव उलट आला. इतकी पूर्वतयारी मला कोणत्याही पाठासाठी करावी लागली नव्हती. कोणती गोष्ट मुले पाहून शोधू शकतील आणि कोणती सांगावीच लागेल, हे ठरविणे शिक्षकाचे काम आहे. नावे, एकके, संकेत, धोके हे सरळ सांगावेत. विस्तवाची किंवा आम्लाची परीक्षा कोणी स्वयंशोधनावर सोडीत नाही. तसेच ज्वालामुखी, समुद्राचा तळ, हृदयाच्या झडपा या आपल्या गावात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी पडदा हे फार मोठे वरदान आहे. तेथे तो अवश्य लावावा. परंतु जे अंगणात दिसते ते पडद्यावर दाखवू नये. लावलीच चित्रफीत, तर मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे, आणि संपल्यावर ‘यात आपल्या गावाशी न जुळणारे काय आहे?’ हे विचारण्यास विसरू नये.

अलीकडे प्रश्न विचारताच मराठीत उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रेही मोबाइलवर आली आहेत. वरच्या वर्गांतील मुले ती वापरू लागली आहेत आणि आपणही वापरतो. ही यंत्रे बरोबर उत्तर जितक्या सफाईने देतात, तितक्याच सफाईने कधीकधी चुकीचेही देतात. भाषेवरून दोहोंतील भेद कळत नाही. म्हणून अशा यंत्राचे उत्तर वर्गात आणावयाचे, तर तो एक अंदाज समजून आणावे आणि इतर अंदाजांप्रमाणेच फळ्यावर लिहून पडताळून पाहावे. ज्या मुलाने एकदा काठी रोवून पडद्यावरील चूक पकडली आहे, ते मूल अशा उत्तरांना सहजासहजी फसणार नाही. येत्या काळात आपल्या विद्यार्थ्यांना याहून उपयोगी दुसरे संरक्षण आपण देऊ शकू, असे मला वाटत नाही.

ज्यांना हा सावलीचा उपक्रम करावयाचा असेल, त्यांच्यासाठी एक सूचना. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्या प्रत्येक गावात वर्षातून दोन दिवस सूर्य खरोखरच माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. सावंतवाडीकडे तो पहिला दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्याकडे मेच्या मध्यास आणि नागपूरकडे मेच्या अखेरच्या आठवड्यात. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो. दुर्दैवाने पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुटीत आणि दुसरा पावसाच्या ढगांत जातो, म्हणून शाळेत तो सहसा पाहावयास मिळत नाही. परंतु मुलांना सुटीपूर्वी आपल्या गावाची तारीख काढावयास लावली, तर ती घरी पाहू शकतात.

आमच्या मुलांनी ती तारीख काढली होती. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा खिचडीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आठवीत आली होती. पहिल्याच दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली. १४ मे रोजी तिने अंगणात पाण्याची पातळी पाहून पाट ठेवला होता आणि त्यावर पितळेचा उंच पेला उभा केला होता. बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी पेल्याभोवती सावली उरली नाही. ती म्हणाली, “गुरुजी, सावली पायाशी आली. पण बारा वाजता नाही, आणि रोज तर नाहीच. आता ती दक्षिणेकडं पडते. आता भिंतीमागं बसून जेवता यायचं नाही.” चित्रफितीतील मुलगा वर्षातून दोनच दिवस खरा असतो, हे तिने मला सहा महिन्यांनी आपल्या पुराव्यासह सांगितले. तिला मी खाली बसविले होते, तेव्हा हे सहा महिने मी जवळजवळ गमावलेच होते.

आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असे एखादे मूल मागच्या रांगेत बसलेले आहे. त्याने काय पाहिले आहे, ते आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या परिषदेला येताना आपण प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलाने विचारलेला आणि आपल्याला लगेच उत्तर न आलेला एक प्रश्न लिहून आणावा, अशी माझी नम्र विनंती आहे. ते प्रश्न येथे वाचले जावेत आणि त्यांतील एखादा दोन-तीन शाळांनी मिळून शोधावा. अशा प्रश्नांची वही हेच आपल्या केंद्राचे खरे शैक्षणिक साहित्य होईल.